सत्तरच्या दशकातला महाराष्ट्र: रोजचं जगणं, करमणूक आणि उलथापालथ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सत्तरचं दशक म्हटलं की दोनच चित्रं समोर येतात. एकात चाळीचा व्हरांडा, ट्रान्झिस्टर आणि बेलबॉटम घातलेले काका. दुसऱ्यात आणीबाणी, तुरुंग आणि मोर्चे. पहिलं चित्र घरगुती गप्पांत सापडतं, दुसरं राजकीय लेखांत. पण ज्या घरात बुधवारी रात्री रेडिओवर गीतमाला ऐकली जायची, त्याच घरातली बाई दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या रांगेत उभी असायची. खालचे प्रश्न तरुण मंडळी नेहमी विचारतात. त्यात नातवंडं आहेत, एकांकिका बसवणारी कॉलेजची मुलं आहेत आणि मालिकांसाठी माहिती गोळा करणारेही आहेत.

सत्तरचं दशक म्हणजे नेमकं कधीपासून कधीपर्यंत?

इथे १९७० ते १९७९ धरलं आहे. पण दशकं कॅलेंडर बघून सुरू होत नाहीत. या काळाचा मूड १९७१ च्या युद्धापासून आणि क्रिकेटच्या विजयांपासून सुरू होतो आणि जनता सरकार कोसळेपर्यंत चालतो.

तेव्हा सगळं साधं आणि स्वस्त होतं, हे खरं का?

साधं होतं ते बहुतेक टंचाईमुळे. हौसेने साधं राहणारे तेव्हाही थोडेच होते. घरात एकच पंखा असायचा कारण दुसरा परवडायचा नाही, आणि दिवाळीलाच नवे कपडे व्हायचे कारण बोनस तेव्हाच मिळायचा. याला नंतर आपण साधेपणा असं गोंडस नाव दिलं.

स्वस्ताईचं म्हणाल तर आकडे लहान होते, पण पगार त्याहून लहान. १९७२ च्या दुष्काळाने धान्य महागलं होतंच. त्यात १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि १९७४ मध्ये महागाईचा दर २५ टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे महिन्याचं सामान भरताना वाण्याच्या यादीतली एखादी ओळ दर वेळी खोडावी लागायची.

रेशन कार्ड हा घरातला सर्वांत जपलेला कागद. तो ट्रंकेत, लग्नाच्या शालूशेजारी. साखर, गहू, तांदूळ, रॉकेल आणि पुढे पामतेल, सगळं त्यावर. तांदूळ एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला बंदी असायची, त्यामुळे कोकणातून येणाऱ्या चाकरमान्याच्या वळकटीत दडवलेले पायलीभर तांदूळ एसटीच्या तपासणीत सापडणं ही घराघरातली गोष्ट आहे. लग्नात जेवणावळी घालण्यावरही निर्बंध आले. अनेक लग्नांत नुसतं आइस्क्रीम देऊन पाहुण्यांची बोळवण झाली ती या निर्बंधांमुळे. यजमान कंजूष होता असं समजू नका.

मुंबईत पहाटे आरेच्या दूधकेंद्रावर काचेच्या बाटल्यांची रांग लागायची. कार्डावर जेवढ्या बाटल्या तेवढंच दूध, आणि रिकाम्या बाटल्या परत केल्याशिवाय भरलेल्या मिळायच्या नाहीत. माणसं रांगेत आपल्या जागी पिशवी किंवा दगड ठेवून घरी तोंड धुवायला जायची. त्या दगडाला मान असायचा. मात्र कुणी तो सरकवला तर जी भांडणं व्हायची, ती ऐकून चाळीतल्या एकोप्याबद्दल बोलताना जरा हात आखडता घ्यावासा वाटतो.

स्वयंपाक बहुतेक घरांत स्टोव्हवर. गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. स्टोव्हला पंप मारायचा, काजळी धरली की बारीक तारेची पिन भोकात घालायची, आणि पिन नेमकी पाहुणे आले की तुटायची.

बहात्तरचा दुष्काळ शहरातल्या लोकांना जाणवला का?

जाणवला, पण दुरून. खेड्यात तो अंगावर आला. सोलापूर, अहमदनगर, सांगलीचा पूर्व भाग, बीड, उस्मानाबाद या पट्ट्यात सलग पावसाने दगा दिला होता आणि १९७२ साली कंबरडंच मोडलं. सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. कालपर्यंत ज्यांच्या दारात गडी होते, अशी माणसं मुकादमाकडे हजेरी लावून डोक्याला फडकं बांधून दगड फोडत होती. शेजारी त्यांच्याच शेतावरचा सालगडी. दुष्काळाने हे एक मात्र केलं.

कामावर सुकडी मिळायची. भाजलेल्या पिठाची, गुळाची, कोरडी. मुलं ती खिशात भरून न्यायची. रेशनवर मिलो आली, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, खाताना घशाखाली उतरायची नाही. आजही मराठवाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासमोर जेवणाला नावं ठेवून बघा, मिलोचं नाव निघाल्याशिवाय राहणार नाही.

यातूनच रोजगार हमी योजना पुढे आली. वि. स. पागे यांनी ती आधी तासगाव भागात करून पाहिली होती. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे सरकारवर बंधनकारक झालं. आज गावाकडे जुना पाझर तलाव दिसला तर कधीचा म्हणून विचारा. बहुतेक वेळा उत्तर बहात्तरचंच येतं.

लाटणे मोर्चा हा काय प्रकार होता?

बायकांनी महागाईविरुद्ध काढलेला मोर्चा. हातात लाटणं आणि थाळी, दोन्ही घरातलीच हत्यारं. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. समाजवादी आणि कम्युनिस्ट एका ट्रकवर उभे राहणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. मंत्र्यांना घेराव, गोदामांवर धडक, ठरलेल्या वेळी घराघरातून थाळ्या बडवणं, असं ते चालायचं. ज्या बायका कधी मीटिंगला गेल्या नव्हत्या, त्या डब्यात पोळी-भाजी बांधून मोर्चाला गेल्या. गोरेगावच्या पाण्यासाठी भांडून मृणालताई आधीच पाणीवाली बाई झाल्या होत्या. त्या १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिरा गांधी पडल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा गल्लीतली पोरंसुद्धा देत होती.

१९७१ च्या युद्धाची झळ घरात लागली का?

युद्ध ३ ते १६ डिसेंबर, म्हणजे दोनच आठवडे. पण मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांच्या काचांना काळे-तपकिरी कागद चिकटवले, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग फासला. भोंगा झाला की दिवे बंद. एखाद्या घरातून फट दिसली की खालून आवाज यायचा, ‘ए, लाईट बंद कर!’ पोरांना याची भारी मजा वाटायची. कागद मात्र युद्ध संपल्यावरही कित्येक महिने काचांवर तसेच राहिले, कारण खळ निघता निघत नव्हती.

बांगलादेशी निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. त्या वेळची जुनी पाकिटं कपाटात असतील तर बघा, ते छोटं तिकीट सापडेल.

आणि क्रिकेट?

१९७१ हे वर्ष मुंबईकरांचं. कर्णधार अजित वाडेकर. वेस्ट इंडिजमध्ये पदार्पणाच्याच मालिकेत सुनील गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि भारताने तिथे पहिल्यांदा मालिका जिंकली. मग ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडही पडलं. दुष्काळ आणि महागाई येण्याआधीचा हा शेवटचा निर्भेळ आनंद. पुढे कसोटी सामना असला की बँका, शाळा, पोस्ट, सगळीकडे कुणाच्या ना कुणाच्या टेबलाखाली ट्रान्झिस्टर असायचा. बाळ ज. पंडितांनी मराठीतून केलेलं धावतं वर्णन ऐकून अनेक आज्या क्रिकेट शिकल्या.

टीव्ही घरोघरी होता का?

छे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुण्यात वर्षभराने सिंहगडावरचा मनोरा आला. बाकीच्या महाराष्ट्राला टीव्ही दिसायला पुढचं दशक उजाडावं लागलं. त्यामुळे ‘आमच्या लहानपणी सगळे टीव्ही बघायचे’ असं नागपूरचा किंवा कोल्हापूरचा माणूस सत्तरच्या दशकाबद्दल सांगत असेल तर त्याने साल तपासावं.

जिथे होता तिथे चाळीत एखाद्याच्याच घरी. कृष्णधवल, लाकडी कपाटात, पुढे सरकत्या फळ्या आणि त्याला कुलूपसुद्धा. गुरुवारी छायागीत, शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी संध्याकाळी हिंदी. यजमानाच्या खोलीत पोरं जमिनीवर, बायका कडेने आणि पुरुष दारात उभे. काही यजमान चार आणे घ्यायचे. काही नुसतं तोंड वाकडं करायचे, ते जास्त लागायचं. गजरा, आमची माती आमची माणसं, प्रतिभा आणि प्रतिमा हे कार्यक्रम मुंबई केंद्राचे. स्मिता पाटील आधी याच केंद्रावर मराठी बातम्या वाचायची.

टीव्हीला आणि रेडिओलाही परवाना लागे. पोस्टात जाऊन त्याचं पुस्तक भरून आणायचं. तपासनीस आल्याची कुणकुण लागली की रेडिओ गोधडीत जायचा.

मग खरी करमणूक कशाची?

रेडिओची, यात वादच नाही. सकाळी पुणे केंद्राच्या सात-पाचच्या प्रादेशिक बातम्यांवर घड्याळं लागायची. आपली आवड, कामगार सभा, वनिता मंडळ. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला, आणि ती नीट लागावी म्हणून ट्रान्झिस्टर खिडकीत, पत्र्यावर, कधी माठावर ठेवून बघायचा. कुठल्या गाण्याला पहिली पायदान मिळणार यावर पैजा लागत.

सिनेमात काय चालत होतं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण १९७५ हे एकच साल घेतलं तरी हा समाज किती तऱ्हांनी जगत होता ते कळतं. जानेवारीत दीवार, मे महिन्यात जय संतोषी माँ, १५ ऑगस्टला शोले. शिवाय त्याच साली दादा कोंडक्यांचा पांडू हवालदार. मधे जूनमध्ये आणीबाणी.

जय संतोषी माँ अगदी कमी खर्चात काढलेला सिनेमा. थिएटरबाहेर चपला काढून बायका आत जायच्या, पडद्यावर नाणी आणि फुलं पडायची, काही ठिकाणी मध्यंतरात आरती. त्यानंतर शुक्रवारचा उपास इतका पसरला की आंबट चालत नाही म्हणून शुक्रवारी चिंच-लिंबाशिवाय आमटी होणारी घरं गल्लीगल्लीत झाली. देवी जुनी असेल, पण गूळ-चण्याचा प्रसाद घराघरात नेला तो या सिनेमाने. महागाईने पिचलेल्या, सासरी गांजलेल्या बाईला स्वस्तात परवडणारं व्रत मिळालं, असं माझं मत.

शोले मुंबईत मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. सुरुवातीला पडला असंच सगळे म्हणत होते. मग त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि गणपतीच्या मांडवात लाऊडस्पीकरवर गाण्यांऐवजी गब्बर बोलू लागला. बिस्किटाच्या जाहिरातीतसुद्धा गब्बर. शेवट मात्र सेन्सॉरने बदलायला लावला. ठाकूरने गब्बरला मारायचं नाही, पोलिसांनी पकडायचं. आणीबाणीत कायदा हातात घेणारा नायक चालणार नव्हता.

दादा कोंडक्यांबद्दल नाकं मुरडणारे तेव्हाही होते. सोंगाड्या १९७१ मध्ये आला तेव्हा दादरच्या कोहिनूर थिएटरने तो उतरवून हिंदी सिनेमा लावायचं ठरवलं आणि बाळासाहेब ठाकऱ्यांच्या शिवसैनिकांनी तिथे धडक देऊन तो लावायला लावला. मुंबईत मराठी सिनेमाला थिएटर मिळणं हा तेव्हापासूनचा प्रश्न. दादांचा प्रेक्षक गिरणीतला आणि गावाकडचा. द्व्यर्थी विनोद त्याला तमाशापासून ओळखीचा होता. धक्का बसला तो पांढरपेशांना, आणि तेही बाल्कनीत बसून हसतच होते.

खेड्यात जत्रेत तंबूतले टुरिंग टॉकीज यायचे. पडद्याच्या मागच्या बाजूला बसलं तरी चालायचं, फक्त नायक डावखुरा दिसायचा.

नाटकांवरून इतके वाद का झाले?

कारण नाटक तेव्हा लोकांना लागत होतं. १९७२ या एकाच वर्षी सखाराम बाइंडर आणि घाशीराम कोतवाल, दोन्ही विजय तेंडुलकरांची. सखारामच्या प्रयोगांवर सेन्सॉरने गदा आणली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि नाटक जिंकलं. निळू फुल्यांचा सखाराम पाहायला लोक बायकामुलांना घरी ठेवून जायचे. घाशीराम १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात सुरू झालं, नाना फडणविसांची बदनामी म्हणून ओरड झाली, १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवलं. मग त्यातल्या मंडळींनी थिएटर ॲकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं आणि १९८० मध्ये युरोपात नेलं. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून प्रायोगिक नाटकं सुरू झाली. लाकडी खुर्च्या, घाम आणि अंधार, तरी हॉल भरायचा.

मटका इतका सर्रास चालायचा का?

सर्रास. मूळ धंदा न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या कापसाच्या दरांवर सट्टा लावण्याचा. तो बंद पडल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे काढण्याची पद्धत आणली. आकडे मटक्यातून, नंतर पत्त्यांच्या कॅटमधून. रात्री ओपन, मध्यरात्री क्लोज. गिरणगावात पानाच्या टपरीशेजारच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आकडा पहाटपाळीला जाणारा कामगार आधी बघायचा. स्वप्नात साप आला तर कुठला आकडा, मेलेला बाप आला तर कुठला, याचं शास्त्र तयार होतं. चार आण्यापासून लावता यायचं, म्हणूनच ते घर बुडवायचं. आणीबाणीत खत्रीही तुरुंगात गेला. मटका काही थांबला नाही.

आणीबाणीत सामान्य माणसाला खरंच त्रास झाला का? आमचे आजोबा तर म्हणतात गाड्या वेळेवर धावत होत्या.

आजोबा खोटं सांगत नाहीत. लोकल वेळेवर यायच्या, कचेरीत साहेब दहाला खुर्चीत दिसायचा, साठेबाज घाबरले, १९७५-७६ मध्ये भावही उतरले. आदल्याच वर्षी मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा देशव्यापी संप झाला होता, तो वीस दिवस चालला होता. त्याला कंटाळलेल्या मध्यमवर्गाला शिस्त आवडली, हे मान्य करायला हवं. पवनारहून विनोबांचा ‘अनुशासन पर्व’ हा शब्द आला आणि सरकारने तो भिंतीभिंतीवर रंगवला.

पण आजोबांना विचारा, शेजारी कुणी मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबणाऱ्या कायद्याखाली, आत गेलं होतं का? येरवडा आणि नाशिक रोडच्या तुरुंगांत संघाचे आणि समाजवादी एकाच बराकीत होते. आतल्यांचं एकवेळ बरं चाललं, वर्ग आणि चर्चा चालायच्या. हाल बाहेरच्यांचे. पगार बंद, घरमालकाची कुरकुर, आणि ओळखीचे लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. साधनासारख्या साप्ताहिकांवर कारवाई झाली. किशोर कुमारने सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून आकाशवाणीवरून त्याची गाणीच गायब झाली. रेडिओ लावणाऱ्याला हे कळायचं, पण कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

गरिबांना भीती नसबंदीची. शिक्षक, तलाठी, आरोग्यसेवक यांना ‘केसेस’ आणायचे आकडे ठरवून दिलेले. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. जीप दिसली की पुरुष माणसं उसात पळायची, हे ज्यांनी पाहिलं त्यांना गाड्यांच्या वेळा आठवत नाहीत.

आणि एक प्रसंग. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी मंत्र्यांसमोर लेखनस्वातंत्र्यावर बोलायचं ते बोलून घेतलं आणि मुंबईत आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सभेला उभं केलं. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. १९७७ च्या प्रचारात पु. ल. देशपांडे सभा घेऊ लागले तेव्हा लोक विनोद ऐकायला गेले आणि मत बदलून आले. मुंबईतल्या सगळ्या जागा काँग्रेसने गमावल्या.

पुण्यात लोक संध्याकाळी घराबाहेर पडत नव्हते, ते आणीबाणीमुळे?

नाही, ते जोशी-अभ्यंकर खून प्रकरणामुळे, म्हणजे घरांत शिरून कुटुंबंच्या कुटुंबं मारणाऱ्या टोळीमुळे. १९७६-७७ च्या त्या हिवाळ्यात सातनंतर पेठा सामसूम व्हायच्या, बेल वाजली तरी कुणी दार उघडायचं नाही. दारांना लोखंडी साखळ्या आणि बघायचं भोक पुण्यात तेव्हा बसलं. आरोपींना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली.

लोक वाचत काय होते?

गल्लीतल्या वाचनालयातून रोज एक पुस्तक, सकाळी आणून रात्री परत. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांच्या रहस्यकथा सर्वांत फाटलेल्या, त्यातही शेवटचं पान नेमकं गायब. माणूस, सोबत, साधना, मनोहर, किर्लोस्कर. मुलांना चांदोबा, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि १९७१ पासून बालभारतीचं किशोर. दिवाळी अंक चार घरांत मिळून विकत घ्यायचे आणि संक्रांतीपर्यंत फिरवायचे.

या आठवणी दादर आणि सदाशिव पेठेच्याच का असतात?

लिहिणारे तिथले होते म्हणून. चाळीचा व्हरांडा वाट्याला आला ते नशीबवानच होते. दुष्काळात गाव सोडून आलेली माणसं पुलाखाली आणि नाल्याकाठी राहिली, त्यांच्या आठवणींत अंताक्षरी नाही.

ती बाजू याच दशकात बोलू लागली. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी मुंबईत दलित पँथर उभी केली. स्वातंत्र्याच्या पंचविशीचे दिवे लागत असताना १५ ऑगस्टला त्यांनी काळा दिवस पाळला. ढसाळांचा गोलपिठा हा कवितासंग्रह त्याच वर्षी आला आणि मराठी कवितेत कामाठीपुऱ्याची भाषा घुसली. गंमत म्हणजे प्रस्तावना तेंडुलकरांची. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. १९७८ मध्ये दया पवारांचं बलुतं हे आत्मकथन आलं, आणि जे लोक ‘आमच्याकडे जातपात नव्हती’ म्हणायचे त्यांना पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं झालं.

करमणूकही वेगळी होती. वामनदादा कर्डकांची गाणी, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, रात्रभर चालणारे कव्वालीचे मुकाबले आणि चौदा एप्रिलचे जलसे. हे रेडिओवर क्वचित लागायचं. सत्तरच्या संगीतावर लेख लिहिणारे आजही ते विसरतात.

मग जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. या दशकाला गोडगुलाबी म्हणायचं असेल तर आधी हे वाचावं.

फोन आणि स्कूटरसाठी खरंच वर्षानुवर्षं थांबावं लागे?

हो. बजाजची स्कूटर बुक करायची आणि विसरून जायचं. मुलगा शाळेत असताना लावलेला नंबर तो नोकरीला लागल्यावर आला, असं सांगणारी कुटुंबं आहेत. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळायची, म्हणून परदेशातल्या भाच्याला अचानक भाव यायचा. नंबर लागलेली स्कूटर लगेच जादा पैशांत विकणं हाही एक धंदा होता.

फोन शेजारच्यांचा, पत्रिकेवर ‘पी. पी.’ लिहून त्यांचाच नंबर. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करा आणि तासन्‌तास बसून राहा. साधा, अर्जंट, लाइटनिंग, जशी घाई तसे पैसे. तार आली की वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची.

कोका-कोला तेव्हा बंद झाला होता ना?

१९७७ मध्ये. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. त्याच्या जागी डबल सेव्हन हे सरकारी पेय आलं, लोकांनी चव घेऊन बाजूला ठेवलं आणि थम्स अपने बाजार मारला. याच सरकारने १६ जानेवारी १९७८ ला एक हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. सामान्य माणसाने त्या नोटा पाहिल्याच नव्हत्या, त्यामुळे चाळीत हसण्यापलीकडे काही झालं नाही.

स्कायलॅबचं काय प्रकरण?

अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा पृथ्वीवर पडणार आणि कुठे पडेल ते सांगता येत नाही, अशी बातमी. १९७९ चा जून-जुलै लोकांनी आभाळाकडे बघत काढला. जग बुडणारच आहे तर खाऊन घ्या, म्हणून गावोगावी कोंबड्या कापल्या गेल्याच्या कथा आहेत. ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडली. त्या पावसाळ्यात वर्गात धडपडणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव स्कायलॅब पडलं.

एकांकिकेसाठी सत्तरचं घर उभं करायचं आहे. कुठल्या चुका टाळाव्या?

रंगीत टीव्ही नको, तो १९८२ नंतरचा. रस्त्यावर मारुती नको, ती १९८३ च्या अखेरीस आली. फियाट, अँबेसेडर आणि भरपूर सायकली दाखवा. पिवळा एसटीडी बूथ त्याच्याही नंतरचा. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांऐवजी घडीची लोखंडी खुर्ची आणि कॉट, कॉटखाली ट्रंका. स्वयंपाकघरात लाकडी फडताळ, पितळेची कल्हई केलेली भांडी आणि त्यांत दोन-चार नवी स्टीलची, बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेली. स्टीलवर नाव कोरलेलं हवं. हातात मनगटी घड्याळ असेल तर एचएमटीचं, रोज किल्ली द्यायचं. दहा पैशांचं नाणं ॲल्युमिनियमचं, फुलासारख्या कडेचं. दोन रुपयांची नोट वापरा. तरुण मुलगा असेल तर कानांवर केस, मोठ्या कॉलरचा टेरिकॉटचा शर्ट आणि तळाशी झाडू मारेल अशी बेलबॉटम, वडिलांना मात्र पायजमा-बनियनच. आई घरात गाऊनमध्ये फिरत असेल तर प्रेक्षकांतल्या आजीबाई पहिल्या मिनिटाला चूक पकडतील. ती साडीतच असायची, झोपतानाही. आणि परगावच्या फोनवर हळुवार संवाद लिहू नका. लाईन इतकी खरखरायची की प्रेमाचंही ओरडूनच सांगावं लागे, आणि ते शेजारच्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या सगळ्या कुटुंबासमोर.